गुगली सांगू नका, बाजू मात्र सांगा

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या गावातल्या हायस्कूलच्या मैदानावर दिवे लागतात आणि मी केशरी जाकीट चढवून कडेच्या रेषेवर जाऊन उभा राहतो. हातात लांब काठी, तिच्या डोक्यावर एक ते चार यांपैकी एक आकडा. अमेरिकन फुटबॉलमध्ये हल्ला करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. त्यातला कितवा चालू आहे आणि चेंडू कुठे आहे, हे ती काठी सांगते. मुलगा या संघात खेळायचा तेव्हा पालक म्हणून हे काम अंगावर घेतलं होतं. तो कॉलेजात गेला, मी मात्र तिथेच राहिलो. त्या जागेवरून जे दिसतं ते स्टँडमधून कधीच दिसत नाही. माझ्यापासून दोन हातांवर रेषेचा पंच उभा असतो आणि या खेळातली सगळ्यात अवघड नजर त्याची असते.

प्रत्येक डावाच्या आधी एक छोटीशी गोष्ट घडते, ती टीव्हीवर सहसा येत नाही. सगळ्यात बाहेरचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, आपल्या जागेवर येतो, मान वळवून पंचाकडे पाहतो आणि चेंडू ठेवलाय तिथून मैदानाच्या आडव्या जाणाऱ्या काल्पनिक रेषेबद्दल बोटाने विचारतो, "मी रेषेवर आहे ना?" किंवा "मी मागे आहे ना?" तो मागे असेल तर पंच आपला हात आडवा ताणून मागच्या दिशेला धरतो. समोरच्या कडेच्या पंचालाही त्यावरून कळतं की या बाजूचा गडी रेषेवर नाही. एवढं होतं आणि चेंडू मधल्या गड्याच्या पायांतून मागे जातो. त्याला स्नॅप म्हणतात.

ही विचारपूस कशासाठी, ते थोडक्यात सांगतो. हल्ला करणाऱ्या अकरा जणांपैकी मागे चारच्या वर नकोत, म्हणजे रेषेवर सात. त्या रांगेतली दोन टोकं आणि मागचे चार, एवढ्यांनाच पुढे फेकलेला पास झेलायचा हक्क. रांगेतल्या मधल्या पाच जणांनी फक्त अडवायचं. आता टोकाच्या गड्याच्या बाहेर आणखी कुणी रेषेवर येऊन उभा राहिला, तर आतला गडी 'झाकला' जातो. तो टोकाचा राहत नाही आणि त्याचा हक्क जातो. एका पावलाचा फरक.

गेल्या ऑक्टोबरात हेच झालं. आमच्या संघातला दहावीतला एक मुलगा घाईघाईत बाहेर जाऊन उभा राहिला. मागे घ्यायचं ते पाऊल त्याने घेतलं नाही आणि पंचाकडे पाहिलंही नाही. आतला मुलगा झाकला गेला, पास त्याच्याकडेच आला, त्याने तो झेलला आणि थेट शेवटच्या रेषेपार पळाला. मैदान नाचायला लागलं, तोवर माझ्या शेजारच्या पंचाने पिवळा रुमाल टाकला होता. गुण रद्द. मागून पालकांनी त्या पंचाला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो काही बोलला नाही. खेळ थांबला होता तेवढ्यात मला इतकंच म्हणाला, "त्याने एकदा माझ्याकडे बघायला हवं होतं."

त्या रात्रीपासून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चित्रविचित्र रचना याव्यात, गडी इकडून तिकडे पळावेत, बचाव करणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी यावं, याला माझी अजिबात हरकत नाही. खेळाची निम्मी मजा त्यात आहे. पण जी माहिती फक्त पंचामार्फत पोचते, तिची युक्ती होता कामा नये. डोळ्यांना फसवायचं तर खुशाल फसवा. पंचाचा निरोप मात्र फसवणुकीचं हत्यार करू नका.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे चटकन पटेल. गोलंदाज गुगली टाकणार आहे हे फलंदाजाला कुणी सांगत नाही. हात पाहायचा, चेंडू ओळखायचा, चुकलं तर यष्टी गेली. पण तोच गोलंदाज ओव्हर द विकेट टाकता टाकता राउंड द विकेट येणार असेल, तर त्याला पंचाला सांगावं लागतं आणि पंच ते फलंदाजाला सांगतो. न सांगता टाकला तर नो-बॉल. फलंदाजाला ते कळल्याशिवाय पंच चेंडू टाकू देत नाही. केविन पीटरसनने २००८ साली उलट्या हाताने स्विच हिट मारला तेव्हा बराच गदारोळ झाला, पण एमसीसीने तो फटका वैध ठरवला. तो समोर, सगळ्यांच्या देखत मारलेला फटका होता, पंचाच्या तोंडून काही जायचं नव्हतं. क्रिकेटने ही रेघ नीट आखली आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ती अजून नीट आखलेली नाही, आणि त्याची किंमत मोठ्या सामन्यांत मोजावी लागली आहे.

रचनेचे हे नियम आले कुठून, हेही पाहायला हवं. १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध 'फ्लाइंग वेज' काढला. गडी दोन बाजूंनी पळत येऊन पाचरीसारखे एकत्र व्हायचे आणि सगळ्या वेगानिशी एका बिंदूवर आदळायचे. ही कल्पना लोरिन डेलंड नावाच्या गृहस्थांची. ते बुद्धिबळाचे जाणकार, स्वतः फुटबॉल कधी खेळलेले नाहीत. पुढच्या दोन वर्षांत असल्या धावत्या रचनांवर बंदी आली, तरी माणसं मरत राहिली. १९०५ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ साली पुढे पास फेकायला परवानगी मिळाली आणि १९१० मध्ये रेषेवर सात गडी हवेतच असा नियम आला. म्हणजे आज जो 'सात जणांचा' हिशेब पंच करतो, तो मुळात पोरांचे जीव वाचवण्यासाठी आला. पळत येऊन आदळायला मागे गर्दीच नको, हा त्यातला विचार.

मग प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाने १९२० च्या दशकात वेगळाच प्रकार केला. मागचे चौघे एका तालात उड्या मारून जागा बदलायचे आणि पाय टेकतात न टेकतात तोच स्नॅप व्हायचा. बचाव करणारे त्यांना न्याहाळेपर्यंत चेंडू गेलेला असायचा. १९२७ साली नियम आला की अशा हालचालीनंतर पूर्ण एक सेकंद थांबायचं. या नियमाचा संबंध जिवाशी कमी आणि नजरेशी जास्त होता. समोरच्याला पाहायला वेळ मिळाला पाहिजे, हे खेळाने तेव्हा स्पष्टपणे मान्य केलं. माझ्या शेजारचा पंच आजही ओठांतल्या ओठांत "वन थाउजंड वन" म्हणत तो सेकंद मोजतो. मी कितीदा तरी ऐकलं आहे.

आता १० जानेवारी २०१५ चा सामना घ्या. फॉक्सबरोमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि बाल्टिमोर रेव्हन्स, एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची बाद फेरी. पेट्रियट्स २८-१४ असे मागे. तिसऱ्या सत्रात त्यांनी अडवणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांपैकी एकाला बाहेर बसवलं आणि शेन व्हेरीन या चपळ गड्याने 'मी या डावात अपात्र आहे' असं पंचाला सांगितलं. अडवणाऱ्यांचे क्रमांक ५० ते ७९ असतात आणि ते एरवी पास झेलायला अपात्र. व्हेरीनचा क्रमांक ३४, म्हणजे एरवी पात्र. तो उभा राहिला बाहेरच्या बाजूला, रिसीव्हरसारखा. आणि जिथे टॅकल, म्हणजे अडवणाऱ्या पाचांतला कडेचा गडी, उभा राहायचा तिथे होता मायकल हूमनवानुई, जो पात्र होता. पंच बिल विनोविच यांनी माइकवरून ३४ क्रमांक अपात्र असल्याचं सांगितलंही. पण भरलेल्या स्टेडियमच्या गोंगाटात ते वाक्य ऐकून, समजून, अकरा जणांपर्यंत पोचवायला रेव्हन्सकडे काही सेकंदच होते. बचावाचा गडी व्हेरीनकडे वळला आणि हूमनवानुई मोकळा सुटला. रेव्हन्सचे प्रशिक्षक जॉन हार्बॉ इतके संतापले की दंड होणार हे ठाऊक असूनही मैदानात घुसले. पेट्रियट्स ३५-३१ जिंकले आणि पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकले.

नियमाबाहेर काहीच घडलं नव्हतं. पेट्रियट्सच्या चाहत्यांचं तेव्हाही हेच म्हणणं होतं आणि आजही आहे की नियमपुस्तक सगळ्यांना सारखं, वाचलं नाही तो दोष तुमचा. या म्हणण्यात दम आहे. पेट्रियट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्याइतका नियमांचा बारकाईने अभ्यास करणारा प्रशिक्षक विरळा. पण त्या डावात फसवलं ते रचनेने नव्हे. फसवलं ते निरोपाच्या उशिराने. व्हेरीन अपात्र आहे हे त्याच्या उभं राहण्यावरून कळायला मार्गच नव्हता, त्याचा क्रमांक तर उलटंच सांगत होता. ते कळायचा एकच रस्ता, पंचाचं तोंड. आणि त्या तोंडातून निघालेला शब्द समोर पोचायच्या आत स्नॅप करणं, यावरच सगळी युक्ती उभी होती. क्रिकेटमध्ये पंचाने "राउंड द विकेट" म्हणायला तोंड उघडावं आणि त्याच क्षणी चेंडू सुटावा, असं आपण एक दिवस तरी चालवून घेऊ का?

एनएफएलने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नियम बदलला. पात्र क्रमांकाचा गडी अपात्र म्हणून नोंदवला असेल, तर त्याने मधल्या घोळक्यातच उभं राहायचं, बाहेर जायचं नाही. बदल चांगला होता, पण अर्धा होता. कोण कुठे उभा राहील हे त्यांनी ठरवलं. निरोप कसा पोचेल, हे मात्र तसंच ठेवलं.

त्याचं उत्तर ३० डिसेंबर २०२३ ला टेक्ससमध्ये मिळालं. डॅलस काउबॉइज २०-१३ ने पुढे. शेवटची २३ सेकंदं उरली असताना डेट्रॉइट लायन्सने टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुण घेतले, आणि त्यानंतर मिळणाऱ्या जादा प्रयत्नात बरोबरीचा एक गुण न घेता जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव टाकला. जॅरेड गॉफचा पास टेलर डेकरने झेलला. डेकरचा क्रमांक ६८, म्हणजे एरवी अपात्र. पंचाला आधी कळवलं तरच तो पात्र. पंच ब्रॅड ॲलन यांनी पात्र म्हणून जाहीर केला होता ७० क्रमांकाचा डॅन स्किपर. गुण रद्द. डेकर ठामपणे म्हणाला की मी कळवलं होतं. ॲलन यांचं म्हणणं की कळवलं ते ७० ने. पुन्हा दोनदा प्रयत्न झाला, तोही फसला, काउबॉइज २०-१९ जिंकले.

कोण खरं बोलत होतं, यावर लाखो लोक भांडले. माझ्या मते तो प्रश्नच दुय्यम आहे. त्या डावाआधी डेकर, स्किपर आणि ५८ क्रमांकाचा पनेई स्यूल असे तिघं धिप्पाड गडी पंचाच्या आसपास गेले. नेमका कोण नोंदवतोय हे काउबॉइजना कळू नये, हीच त्यामागची खेळी. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी हा डाव सामन्याआधी पंचांना समजावून सांगितला होता. म्हणजे पंचाला घोळ कळावा आणि प्रतिस्पर्ध्याला कळू नये, अशी ती मांडणी होती. पण एकाच वेळी एकाच जागी दोघांना दोन वेगळी चित्रं दाखवायची म्हटली, की कधी ना कधी पंचही चुकीचं चित्र पाहणारच. लायन्सच्या खेळाडूंबद्दल मला मनापासून वाईट वाटलं, त्यांनी तो सामना जिंकायला हवा होता. पण जे जाळं समोरच्यासाठी टाकलं होतं, त्यात पंच अडकला आणि त्याच्यासोबत ते स्वतः. त्यानंतर लीगने संघांना व्हिडिओ पाठवून बजावलं की कळवताना छातीसमोर हात वर-खाली करून स्पष्ट खूण करा. बस्स, एवढंच.

मी काय करावं म्हणतो? एक, नोंदवणाऱ्या गड्याशिवाय दुसऱ्या कुणीही पंचाजवळ जायचं नाही, गेला तर पाच यार्ड दंड. दोन, जाहीर केल्यानंतर बचावाच्या कर्णधाराने हात वर करून 'कळलं' म्हणेपर्यंत चेंडूवर पंच उभा राहील. हे काही नवं नाही. हल्ल्याचा संघ गडी बदलतो तेव्हा समोरच्यालाही बदलायला वेळ मिळावा म्हणून अंपायर आजही चेंडूवर उभा राहतो. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात सोपी वाटते. एनएफएलमध्ये २००८ पासून बचावाच्या एका गड्याच्या हेल्मेटमध्येही रेडिओ असतो, प्रशिक्षक त्यातून डाव सांगतात. पंचाचा माइक स्टेडियमच्या भोंग्यांना जोडता, तसाच या रेडिओला जोडा. सत्तर हजार लोकांच्या आरड्याओरड्यातून '६८ पात्र' हे शब्द शोधत बसायची वेळ कुणावर यायला नको.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की मग अचंबा काय उरला? सगळाच उरला. ६८ पात्र आहे एवढं कळलं म्हणजे पास ६८ कडे जाणार हे कळत नाही. दर रविवारी किती तरी जादा टॅकल पात्र म्हणून नोंदवले जातात आणि फक्त अडवायचं काम करून परततात. गुगली शिल्लकच आहे. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. बचाव करणारे स्नॅपच्या आधी कसेही हलतात, मागे-पुढे होतात, खोटे पवित्रे घेतात. त्यांना ना सेकंदाचा नियम, ना नोंदणीचा. मग सगळी बंधनं हल्ला करणाऱ्यांवरच का? कारण स्नॅप कधी होणार हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. तो इतका मोठा फायदा आहे की त्याच्या बदल्यात थोडं स्थिर राहणं आणि थोडं उघड असणं, हे काही महाग नाही.

कॅलिफोर्नियातल्या पीडमाँट हायस्कूलने २००७ मध्ये आणलेल्या 'ए-११' बद्दल मात्र मी बराच काळ स्वतःशीच भांडलो आहे. कर्ट ब्रायन आणि स्टीव्ह हम्फ्रीज या दोन प्रशिक्षकांच्या छोट्या शाळेकडे दांडगे गडी नव्हते. त्यांनी नियमपुस्तकातली एक सवलत हेरली. किक मारायच्या रचनेत, म्हणजे चेंडू घेणारा किमान सात यार्ड मागे असेल तर, ५० ते ७९ क्रमांकांचे पाच गडी असण्याची अट सुटते. मग त्यांनी प्रत्येक डावात तीच रचना लावली आणि अकराच्या अकरा जणांना पात्र क्रमांक दिले. कोण खरा पात्र, हे फक्त रेषेवर कोण कुठे थांबलाय यावरून. माझ्याच मतानुसार हे चालायला हवं होतं, सगळं डोळ्यांना दिसतच तर होतं. पण मी त्या रेषेवर उभा राहतो. हायस्कूलच्या सामन्याला सहसा पाचच पंच असतात. क्रमांक हा त्यांचा आणि समोरच्या पंधरा वर्षांच्या पोरांचा वाचायचा आधार आहे. तो काढून घेतला, तर दोन-तीन सेकंदांत सगळा हिशेब एका माणसाच्या नजरेवर येऊन पडतो. फेब्रुवारी २००९ मध्ये शालेय नियम-समितीने ती सवलत आवळली. मला ते योग्य वाटतं, जरी त्या शाळेची हिंमत आजही आवडते.

हालचालीबद्दल मात्र मी मोकळ्या मनाचा आहे. नियम सांगतो की स्नॅपच्या क्षणी एकच गडी हलू शकतो, आणि तोही समांतर किंवा मागे, पुढे नाही. कॅनडात मागचे जवळजवळ सगळेच पुढे पळत येऊ शकतात आणि तिथला खेळ काही बुडालेला नाही. २०२३ मध्ये मायामी डॉल्फिन्सच्या माइक मॅकडॅनियल यांनी टायरीक हिलला स्नॅपच्या तोंडावर बाहेरच्या बाजूला दोन-चार पावलं पळवायला सुरुवात केली. चेंडू सुटेपर्यंत हिलने वेग घेतलेला असायचा. पाहता पाहता अर्ध्या लीगने ते उचललं. हे सगळं उघड आहे, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांसमोर आहे. त्याला बंदी नको. हवी ती फक्त सातत्याची शिस्त. समांतर पळता पळता खांदा पुढे कलला आणि पंचाने "जाऊ दे" म्हटलं, की पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे खांदे कलतात. लवकरच पुस्तकातला नियम बाजूला पडतो आणि पंचाची सवलत हाच नियम होऊन बसतो.

१० डिसेंबर २०२३ ला कॅन्सस सिटी चीफ्सना हेच जाणवलं. बफलो बिल्सविरुद्ध ट्रॅव्हिस केल्सीने झेललेला चेंडू मागे कदारियस टोनीकडे फेकला आणि टोनी टचडाउनला पोचला. अप्रतिम डाव. पण टोनी स्नॅपच्या आधीच रेषेच्या पुढे उभा होता. रुमाल पडला, बिल्स २०-१७ जिंकले. चीफ्सची तक्रार होती की असं असेल तर पंच आधी इशारा देतात, या वेळी दिला नाही. इशारा हा पंचाचा चांगुलपणा आहे, गड्याचा हक्क नव्हे. टोनीने मान वळवून एकदा विचारलं असतं, तर तो टचडाउन आज लोकांच्या आठवणीत असता. आमच्या दहावीतल्या मुलाने पुढच्या शुक्रवारी विचारलं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक डावात विचारलं. अंधारातून तो आधी आमच्या पंचाकडे पाहायचा, हात आडवा झालेला दिसला की मगच समोर वळायचा.

२०२५ पासून एनएफएलमध्ये चेंडू दहा यार्ड गेला की नाही हे मोजायला साखळीऐवजी हॉक-आयचे कॅमेरे वापरतात. साखळीवाल्या माणसांत वावरणाऱ्या मला त्याचं दुःख झालेलं नाही, माप अचूक हवंच. पण जी लीग एका इंचासाठी एवढा खर्च करते, तिने 'या डावात कोण पात्र' हा दोन शब्दांचा निरोप अजूनही गोंगाटात भोंग्यावर सोडून द्यावा, हे मला समजत नाही. नियम बदलायला बत्तीस संघांपैकी चोवीस मतं लागतात. २०१५ मध्ये ज्या पेट्रियट्सना या उशिराचा फायदा झाला आणि २०२३ मध्ये ज्या लायन्सचा त्यात घात झाला, त्या दोघांच्या हातात त्यातलं एकेक मत आहे.